अवतरणाचा इतिहास

मराठीचा अध्यापक 'अवतरण' हा शब्द दिवसातून एकदा तरी उच्चारतोच. अवतरण द्या, अवतरणचिन्ह बंद करा, अवतरण मूळ संहितेशी ताडून पाहा, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. या शब्दाचा मूळ अर्थ 'खाली उतरणे' असा आहे आणि 'अवतार' हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात राहत नाही. याच कामासाठी आपण 'उद्धरण' हाही शब्द योजतो आणि त्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे 'वर काढणे' असा आहे. एका संहितेतून शब्द उचलायचे आणि दुसऱ्या संहितेत उतरवायचे, या दोन्ही क्रिया पुऱ्या झाल्यावाचून अवतरण सिद्ध होत नाही. त्यांपैकी उचलण्याचे काम तुलनेने सोपे असते. उतरवताना मात्र काना-मात्रा सांडतात, संदर्भ निसटतो आणि कधी कधी मूळ अर्थच हाती लागत नाही. ज्यांनी हस्तलिखितांवर काम केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या शब्दाचा असा विस्ताराने विचार करण्यास आम्हांला निमित्त झाले ते साहित्याबाहेरील एका घटनेचे. १० नोव्हेंबर २०२२ रोजी, स्थानिक वेळेनुसार पहाटे १ वाजून ४९ मिनिटांनी, अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील व्हँडेनबर्ग तळावरून अ‍ॅटलास-५ जातीचा एक प्रक्षेपक आकाशात गेला. त्याच्यावर दोन प्रवासी होते. पहिला प्रवासी म्हणजे 'जेपीएसएस-२' हा हवामान-उपग्रह, ज्याला कक्षेत स्थिरावल्यावर 'नोआ-२१' हे नाव मिळाले. दुसरा प्रवासी त्याच्याच खाली घडी घालून ठेवलेला होता. तो म्हणजे कापडाचे, वायू भरून फुगवायचे, सहा मीटर व्यासाचे एक उष्णताकवच. 'लॉफ्टिड' या नावाने ते ओळखले जाते. उपग्रह कायमचा वर राहण्यासाठी निघाला होता, आणि कवच निघाले होते ते केवळ परत येण्यासाठी. वर जाऊन त्याला दुसरे काहीही करायचे नव्हते. दोन-सव्वादोन तासांनी ते हवाई बेटांच्या पूर्वेस पॅसिफिक महासागरात उतरले आणि वाट पाहत थांबलेल्या जहाजाने ते उचलून घेतले.

अंतराळाचा इतिहास आपल्याकडे आणि इतरत्रही बहुधा उड्डाणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी काय वर गेले, किती वजनाचे गेले, कोणाच्या आधी गेले, अशा नोंदींनी त्याची पाने भरलेली असतात. शाळेच्या पुस्तकांतही धुराचे लोट सोडत वर जाणाऱ्या अग्निबाणाचेच चित्र असते. पण माणसांच्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपाचे मोल, वर गेलेले जे काही आहे ते धडपणे खाली कसे येते, यावर ठरत आले आहे. उपग्रहाच्या बाबतीत ती खाली येणारी वस्तू म्हणजे वार्ता, आणि यानाच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे देह. दोघांनाही त्याच वातावरणातून मार्ग काढावा लागतो. या लेखात आम्ही या दोन अवतरणांचा इतिहास एकत्र वाचण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आधी वार्तेचे अवतरण पाहू. पहिला यशस्वी हवामान-उपग्रह 'टायरॉस-१' हा १ एप्रिल १९६० रोजी केप कॅनव्हेरलहून सोडण्यात आला. त्यावर दूरचित्रवाणीचे दोन कॅमेरे होते. तो अवघे ७८ दिवस चालला, पण तेवढ्या अवधीत त्याने सुमारे तेवीस हजार चित्रे खाली पाठवली. तोवर माणसाने ढग खालून पाहिले होते, फार तर विमानातून किंवा डोंगरमाथ्यावरून पाहिले होते. आकाशाकडे मान वर करून मेघांशी बोलण्याची आपली परंपरा कालिदासाच्या 'मेघदूता'पासून चालत आलेली आहे. एका चक्रीवादळाचा सबंध भोवरा एका दृष्टिक्षेपात मावतो, हजार मैलांवर पसरलेल्या ढगांना एक रचना असते, हे या धूसर, काळ्यापांढऱ्या चित्रांनी प्रथमच उघड केले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील व्हर्नर सुओमी यांनी या पाहण्याला पुढची दिशा दिली. स्वतःभोवती फिरणाऱ्या उपग्रहाच्या प्रत्येक गिरकीत पृथ्वीची एक बारीक पट्टी टिपणारा कॅमेरा त्यांनी रचला, आणि १९६६च्या डिसेंबरमध्ये 'एटीएस-१' या भूस्थिर उपग्रहावरून तो काम करू लागला. २०११ साली सोडलेल्या एका हवामान-उपग्रहाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. 'जेपीएसएस-२' हा त्याच घराण्यातला.

येथे दोन प्रकारच्या उपग्रहांतील भेद ध्यानात घ्यायला हवा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे तो एकाच प्रदेशावर टक लावून बसलेला दिसतो. दूरदर्शनच्या बातम्यांच्या शेवटी भारताच्या नकाशावर पांढरे ढग दाखवले जात, ते अशा उपग्रहाने टिपलेले. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह पुष्कळ खाली असतो. 'नोआ-२१' सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून, एका ध्रुवावरून दुसऱ्या ध्रुवाकडे, दिवसाला सुमारे चौदा फेऱ्या घालतो. खाली पृथ्वी आपल्या गतीने फिरत असते, त्यामुळे दिवसातून दोनदा सबंध पृथ्वी त्याच्या नजरेखालून जाते. एक दारात बसून पाहणारा, तर दुसरा गावभर फेरी मारून येणारा. 'नोआ-२१'वरील उपकरणे ढगांच्या चित्रांबरोबर हवेच्या निरनिराळ्या थरांतील तापमान आणि बाष्प मोजतात, ढगांच्या आडचेही मोजतात, ओझोनचे प्रमाण नोंदवतात, आणि रात्रीच्या अंधारात चंद्रप्रकाशावर चमकणारे ढगही टिपतात. पुढील काही दिवसांच्या हवामानाचे जे गणित संगणकावर मांडले जाते, त्याच्या आरंभीच्या आकड्यांत या मोजमापांचा वाटा मोठा असतो.

परंतु वरून दिसले म्हणजे खाली कळले, असे होत नाही. १९७०च्या नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातील एक चक्रीवादळ तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या भोला बेटाच्या परिसरात धडकले. त्या वादळाची चित्रे अमेरिकी उपग्रहांनी टिपलेली होती. वादळ येत आहे हे ज्ञात होते. तरीही किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज आहे. इशारा त्या बेटांवरील झोपडीपर्यंत, कळेल अशा भाषेत आणि जाण्याला जागा असेल अशा वेळेत पोहोचलाच नाही. उपग्रहाचे चित्र आकाशातून खाली आले होते, पण एका कार्यालयाच्या टेबलावर येऊन थांबले होते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले तेव्हाही उपग्रह होते, खाते होते, इशारेही होते. सुमारे १०,००० माणसे गेली. संहिता उपलब्ध असणे आणि ती वाचली जाणे यांतील अंतर साहित्याच्या अभ्यासकाला परिचयाचे आहे. येथे त्या अंतराचा हिशेब प्रेतांच्या संख्येत मांडावा लागतो, एवढाच काय तो फरक.

आता देहाच्या अवतरणाकडे वळू. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर असतो. पुणे-मुंबई हे अंतर वीस सेकंदांत कापावे, असा हा वेग आहे. खाली उतरायचे तर तो सारा वेग कोठेतरी टाकून द्यावा लागतो, आणि वेग टाकला की त्याची उष्णता होते. समोरची हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की ती प्रकाशमान होते आणि तिच्यापुढे धातू टिकत नाही. उल्का जळतात त्या यामुळेच. १९५०च्या दशकाच्या आरंभी हा प्रश्न प्रथम ऐरणीवर आला, तो मात्र माणसाला परत आणण्यासाठी नव्हे. हजारो मैलांवर अण्वस्त्र टाकणारी क्षेपणास्त्रे अमेरिकेत आकार घेत होती, आणि वातावरणात पुन्हा शिरताना स्फोटक शीर्षच वितळून जाणार असेल तर त्या क्षेपणास्त्राचा उपयोग काय, असा तो प्रश्न होता.

सर्वांचा कल टोकदार आकाराकडे होता. जितके टोक अणकुचीदार तितकी हवा सहज कापली जाईल, ही समजूत बाणापासून भाल्यापर्यंत सर्व शस्त्रांच्या अनुभवातून आलेली होती. १९५१ साली कॅलिफोर्नियातील एम्स प्रयोगशाळेत एच. ज्युलियन अ‍ॅलन यांनी नेमका उलटा विचार मांडला आणि आल्फ्रेड एगर्स यांच्यासह तो गणिताने सिद्ध केला. पृष्ठभाग रुंद आणि बोथट असेल तर त्याच्यापुढे हवेचा एक दाट, तप्त पडदा तयार होतो आणि तो पृष्ठभागापासून काही अंतर राखून राहतो. उष्णतेचा फार मोठा भाग त्या पडद्यातच राहून बाजूने वाहून जातो व मूळ वस्तूच्या वाट्याला थोडा येतो. टोकदार वस्तूचा पडदा तिला जवळजवळ चिकटून असतो, त्यामुळे ती स्वतःच तापते. हे संशोधन १९५३ साली अहवालरूपाने लिहिले गेले, पण लष्करी गुपित म्हणून १९५८पर्यंत खुले झाले नाही.

मराठीत 'कुशाग्र', 'तीक्ष्ण', 'धारदार' ही बुद्धीची आणि भाषेची भूषणे आहेत, आणि 'बोथट' हे दूषण आहे. संवेदना बोथट झाल्या असे आपण म्हणतो ते हळहळून. परंतु अंतराळातून जिवंत परत आलेल्या प्रत्येक माणसाला बोथट आकारानेच तारले आहे. प्रतिकार चुकवून निसटणारा वाचत नाही. जो प्रतिकाराला अंग देतो आणि त्यालाच आपले आवरण करतो तो वाचतो. गंगावतरणाच्या कथेचे येथे स्मरण होते. स्वर्गातून कोसळणारा तो वेग पृथ्वीला सोसवणारा नव्हता, म्हणून तो आधी शंकराने डोक्यावर झेलला. झेलले ते जटांनी, म्हणजे मऊ, पसरट आणि गुंतागुंतीच्या गोष्टीने. पुराणकथेत विज्ञान शोधण्याचा उद्योग आम्ही करीत नाही आणि करूही नये. मात्र वेगाने उतरणाऱ्या गोष्टीला काय हवे असते याविषयीची एक जाण कथा रचणाऱ्याच्या मनात होती, एवढे म्हणता येते.

अ‍ॅटलास हे नाव या इतिहासात आरंभापासून आहे. १९५०च्या दशकात सोव्हिएत संघावर रोखण्यासाठी बनवलेल्या क्षेपणास्त्राचे ते नाव, आणि व्हँडेनबर्ग हा त्याचा एक तळ. सप्टेंबर १९५९मध्ये तेथून पहिला अ‍ॅटलास उडाला. २० फेब्रुवारी १९६२ रोजी त्याच जातीच्या प्रक्षेपकाने जॉन ग्लेन यांना 'फ्रेंडशिप-७' या कुपीतून कक्षेत नेले. ग्लेन वर असतानाच, कुपीचे उष्णताकवच सैल झाल्याचा संकेत जमिनीवर आला. तो खरा असेल तर परतीच्या वाटेवर मृत्यू निश्चित होता. वेग कमी करणाऱ्या छोट्या अग्निबाणांचा संच एरवी काढून टाकायचा असे. तो पट्ट्यांनी कवचावर बांधलेला असल्याने तसाच राहू द्यावा, म्हणजे कदाचित कवच जागेवर राहील, असे ठरले. कारण मात्र ग्लेन यांना आरंभी स्पष्ट सांगितले गेले नाही. जळते तुकडे खिडकीवरून जाताना ते पाहत होते, आणि ते तुकडे संचाचे आहेत की कवचाचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी कळले की कवच शाबूत होते आणि दोष संकेत देणाऱ्या कळीत होता. त्या काही मिनिटांत एका माणसाचे जगणे खालून वर जाणाऱ्या वार्तेवर आणि वरून खाली येणाऱ्या देहावर एकाच वेळी टांगलेले होते. साठ वर्षांनी, २०२२ साली, 'लॉफ्टिड'ला घेऊन उडालेला अ‍ॅटलास हा व्हँडेनबर्गवरून गेलेला अखेरचा अ‍ॅटलास ठरला. मूळ क्षेपणास्त्राशी त्याचे साम्य नावापुरतेच उरले होते, आणि त्याच्या पहिल्या टप्प्याचे इंजिन रशियात तयार झालेले होते.

मग कापडाचे कवच कशासाठी? कठीण कवचाला आकाराची मर्यादा पडते. प्रक्षेपकाच्या टोकावरील आच्छादनात जेवढे मावेल तेवढेच ते रुंद करता येते, म्हणजे फार तर पाच मीटरच्या आसपास. पृथ्वीवर उतरताना ते भागते, कारण आपले वातावरण दाट आहे. मंगळाचे वातावरण पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे. यान तापवण्याइतके ते आहे, पण पुरेसे अडवण्याइतके नाही. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या 'व्हायकिंग'चे कवच साडेतीन मीटरचे होते. २०१२ सालच्या 'क्युरिऑसिटी'चे साडेचार मीटरचे होते आणि त्याने सुमारे ९०० किलोची गाडी उतरवली. मंगळावर माणसे उतरवायची तर कित्येक टनांचा भार उतरवावा लागेल. एकाच उंचीवरून खडा आणि पीस सोडले तर पीस तरंगत येते, कारण वजनाच्या मानाने त्याचा पसारा मोठा असतो. तसा पसारा यानाला द्यायचा, तोही प्रक्षेपकात मावून, तर जाताना घडी आणि येताना छत्री, हाच मार्ग उरतो.

ही कल्पना अमेरिकेचीच आहे असे नाही. फेब्रुवारी २०००मध्ये रशियाने युरोपीय सहकार्याने फुगवता येणाऱ्या कवचाची चाचणी कक्षेतून घेतली आणि तिला अंशतः यश आले. २००२ साली पाणबुडीतून सोडलेल्या दुसऱ्या चाचणीतील यान सापडलेच नाही. अमेरिकेत 'आयआरव्हीई' या मालिकेतील २००७ची पहिली चाचणी फसली, कारण यान अग्निबाणापासून सुटेच ना. २००९ची साधली, आणि २३ जुलै २०१२ रोजी तीन मीटर व्यासाचे कवच वॉलप्स बेटावरून साडेचारशे किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन सुखरूप खाली आले. पण या उड्या होत्या. सरळ वर जाऊन खाली पडणे आणि कक्षेच्या वेगाने वातावरणात शिरणे यांत फार अंतर आहे. ते अंतर २०२२ साली ओलांडले गेले.

'लॉफ्टिड'ची रचना समजून घेण्यासारखी आहे. मोटारीच्या चाकातील ट्यूब असते तशी लहानमोठी कडी एकावर एक रचून त्यांचा पसरट शंकू बनवलेला होता, अळंबीच्या छत्रासारखा. ही कडी पोलादाहून वजनाच्या मानाने कितीतरी बळकट अशा कृत्रिम धाग्यांच्या वेणीने विणलेली होती, आणि त्यांत नायट्रोजन भरला जात होता. त्यांवर थरांचे पांघरूण होते. सर्वांत बाहेर सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांचे विणलेले कापड, त्याखाली उष्णता अडवणारे थर, आणि त्याखाली तप्त वायू आत शिरू न देणारा पडदा. सुमारे १,६०० अंश सेल्सिअस सोसण्याच्या हिशेबाने हे पांघरूण सिद्ध केले होते. उपग्रह कक्षेत सोडून झाल्यावर प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्याने आपली दिशा पृथ्वीकडे वळवली. कवच फुगले, त्याला हलकी गिरकी देऊन सोडून देण्यात आले, आणि ताशी सुमारे २९,००० किलोमीटर वेगाने ते वातावरणात शिरले. हवाई छत्री उघडण्यापूर्वीच त्याचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या खाली आला होता. या कल्पनेचा पाठपुरावा करणारे अभियंते बर्नार्ड कटर हे २०२०मध्ये निवर्तले होते. ही चाचणी त्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आली होती. तिचे यश पाहायला ते नव्हते.

याच वर्षी, दोन महिने आधी, ३ सप्टेंबर २०२२ रोजी केरळातील थुंबा येथून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनेही याच वाटेवरचे एक पाऊल टाकले होते. रोहिणी जातीच्या छोट्या अग्निबाणातून घडी घालून नेलेला, केव्हलार कापडाचा गतिरोधक सुमारे ८४ किलोमीटर उंचीवर फुगवण्यात आला आणि तो ठरल्याप्रमाणे भार सावकाश खाली घेऊन आला. कक्षेच्या वेगाची ती परीक्षा नव्हती, त्या वाटेवरची आरंभीची पायरी होती.

थुंबा म्हटले की मराठी वाचकाला वसंत गोवारीकर आठवल्यावाचून राहत नाहीत. पुण्यात जन्मलेल्या गोवारीकरांनी तेथे घन इंधनावर मूलभूत काम केले आणि १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. पुढे दिल्लीत विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांच्या पुढाकाराने १९८८ साली सोळा घटकांवर आधारलेले मान्सूनच्या अंदाजाचे प्रतिमान वापरात आले. अग्निबाण वर पाठवणारा हाच माणूस पाऊस खाली कधी आणि किती येणार याच्या गणिताकडे वळला, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. हे प्रतिमान अनेक वर्षे साथ देत राहिले आणि २००२ साली त्याने दगा दिला. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. जुलै कोरडा गेला आणि देशभर दुष्काळ पडला. पुढच्याच वर्षी ते बदलण्यात आले.

त्याच २००२ सालच्या १२ सप्टेंबरला, पाऊसकाळ हातचा गेल्यावर, श्रीहरिकोट्याहून 'मेटसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. केवळ हवामानासाठी वाहिलेला भारताचा तो पहिला भूस्थिर उपग्रह. त्याआधीच्या इन्सॅट मालिकेतील उपग्रह दूरसंचार आणि हवामान अशी दोन्ही कामे करीत. त्यांतला इन्सॅट-१बी तर १९८३ साली अमेरिकेच्या 'चॅलेंजर' या अवकाशयानातून वर गेला होता. 'मेटसॅट' भारतीय प्रक्षेपकावरून गेला.

चार महिन्यांनी, १६ जानेवारी २००३ रोजी, 'कोलंबिया' हे अवकाशयान सात जणांना घेऊन निघाले. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरील फेसाचा, पाऊण किलोच्या आसपास वजनाचा एक तुकडा निसटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. त्या कडेचे पत्रे हेच यानाचे उष्णताकवच होते. आघात झाल्याचे चित्रफितीत दिसले होते. वरून छायाचित्रे घेऊन पंख तपासावा अशी मागणी काही अभियंत्यांनी केली, परंतु ती मागणी व्यवस्थापनाच्या पायऱ्या चढू शकली नाही. यान सोळा दिवस पृथ्वीभोवती फिरत राहिले. उड्डाण यशस्वी झाले, प्रयोग यशस्वी झाले. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर तप्त वायू त्या भगदाडातून पंखात शिरला आणि टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. त्या सात जणांत कर्नालच्या कल्पना चावला होत्या.

भोला बेटाच्या वेळी वरून आलेली वार्ता खालच्या झोपडीपर्यंत पोहोचली नव्हती. येथे खालच्या अभियंत्याची शंका वरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली नाही. दोन्ही ठिकाणी पाहणारे डोळे होते आणि दिसलेलेही होते. मधल्या वाटेवर जे हरवले ते यंत्राने हरवलेले नव्हते. पुनःप्रवेशाचे शास्त्र कितीही प्रगत झाले तरी माणसामाणसांतल्या या अवतरणाला कवच कोणी शिवायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. या साऱ्या इतिहासाच्या वाचनात आम्हांला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

५ फेब्रुवारी २००३ रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी घोषणा केली आणि 'मेटसॅट'चे नाव 'कल्पना-१' झाले. उष्णताकवच भंगल्यामुळे जी परत येऊ शकली नाही, तिचे नाव कायम वर राहणाऱ्या हवामान-उपग्रहाला मिळाले. श्रद्धांजलीपर नामकरणे पुष्कळ होतात आणि त्यांतली बहुतेक विसरली जातात. या नावाचे तसे झाले नाही, कारण ते नाव काम करीत राहिले. 'कल्पना-१' २०१७पर्यंत ढगांची चित्रे पाठवत होता. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' हे अतितीव्र चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा हवामान खाते ज्या उपग्रहांवर नजर ठेवून होते त्यांत 'कल्पना-१' होता. १९९९च्या त्याच किनाऱ्यावरून या वेळी दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवण्यात आली होती. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. हे श्रेय एकट्या उपग्रहाचे नाही. निवारे बांधले गेले होते, गावोगावी इशारा पोहोचवणारी माणसे नेमलेली होती, आणि दवंडीपासून दूरध्वनीपर्यंत सगळी साधने वापरली गेली. वार्ता आकाशातून निघाली आणि पायरी पायरीने खाली उतरत, कोठेही न अडकता, ज्याच्या दाराशी जायची त्याच्या दाराशी गेली.

२०२२च्या त्या पहाटेच्या प्रक्षेपकावर हे दोन प्रवासी एकत्र होते, याला व्यवहारातले कारण एवढेच की वर थोडी जागा शिल्लक होती. पण इतिहासाने ही दोन कामे त्याआधीच एकत्र आणलेली होती. 'नोआ-२१' खाली येत नाही, त्याने पाहिलेले खाली येते. 'लॉफ्टिड'ने पाहिले काहीच नाही, ते स्वतःच खाली आले. उद्या मंगळावर माणसे उतरतील किंवा उतरणार नाहीत, याविषयी आज बोलण्यात अर्थ नाही. आमच्यासारख्या शब्दांवर उपजीविका करणाऱ्यांनी मात्र अवतरणचिन्ह घालताना यापुढे क्षणभर थांबावे असे वाटते. कोणीतरी फार दूरवर पाहिलेले, सोसलेले काहीतरी आपण खाली घेत असतो. ते वाटेत जळू न देणे, इतकेच आपल्याकडून अपेक्षित असते.